कोणाचं भूत?

ब्रशबाबांना खऱ्या नावाने हाक मारली, तर ते बहुधा वळूनही बघणार नाहीत. चर्चमागच्या कबरस्तानाची राखण करता करता त्यांची तीस वर्षं गेली, आणि या तीस वर्षांत खिशात दातांचा जुना ब्रश नाही असा एक दिवस गेला नाही. दगडावर कोरलेल्या अक्षरांत शेवाळ धरतं. ते तारेने खरवडलं तर अक्षरंच झिजतात. म्हणून साबणाचं पाणी आणि दातांचा मऊ ब्रश, हे बाबांचं शास्त्र. चर्चच्या मंडळीतले दातांचे डॉक्टर त्यांना दर महिन्याला मूठभर ब्रश आणून देतात. "काय मास्तर, आंघोळ कधी केली होती शेवटची?" असं एखाद्या दगडाला विचारत बाबा कामाला बसतात. आतली साडेचारशे माणसं त्यांना तोंडपाठ आहेत, कोण कोणाचं कोण लागतं त्यासकट.

तिसऱ्या रांगेत, बाकाशेजारी, त्यांची बायको आहे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या दगडाला आठवड्यातून दोनदा आंघोळ मिळते. वशिला म्हणा हवं तर.

दुपारचा डबा नात आणायची. शाळा सुटली की घरून डबा घेऊन थेट आत यायची, बाकावर बसून आजीला शाळेच्या बातम्या सांगायची. कोणाला बाकावर उभं केलं, कोणाशी कट्टी झाली, सगळं. बाबा जेवता जेवता ऐकायचे. छान चाललं होतं. मग गेल्या वर्षी हॅलोविन, तो भुतांची सोंगं घ्यायचा परदेशी सण, आला आणि शेजारच्या अंगणात थर्माकोलच्या कबरी उगवल्या. जवळ गेलं की त्यातल्या एकीतून रबराचा हात वर यायचा आणि कुठूनतरी किंकाळी फुटायची. नातीने तो हात पाहिला मात्र, दुसऱ्या दिवसापासून डबा फाटकाच्या खिळ्याला अडकवून ती धूम ठोकायला लागली. त्याला आता वर्ष होत आलं. पोरीने आत पाऊल टाकलं नाही. गेलेली माणसं हळूहळू विसरली जातात, हे बाबांना कोणी शिकवायला नको होतं. पण नऊ वर्षांच्या नातीने आपल्याच आजीला भ्यावं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

यंदा त्याच विषयावर रविवारच्या उपासनेनंतर सभा भरली. ख्रिस्ती कुटुंबांनी हॅलोविनमध्ये भाग घ्यावा की नाही? गायनाच्या बाई म्हणाल्या, भुताखेतांचं सोंग म्हणजे सैतानाला चहाला बोलावणं. एक तरुण आई म्हणाली, पोरं चार घरं फिरून खाऊ आणतात, त्यात कसला आलाय सैतान? शब्दाने शब्द वाढला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "धर्माचं मला विचारू नका, पण गोळ्या-चॉकलेटांना माझा कडक विरोध आहे." त्यांच्या शेजारी त्यांचा स्वतःचा मुलगा गाल फुगवून काहीतरी चघळत बसला होता. सभा खो खो हसली.

"बाबा, तुम्ही बोला," पाळकसाहेब म्हणाले. "तुमचा तर रोजचा संबंध."

"माझ्याकडे साडेचारशे माणसं आहेत," बाबा उठून म्हणाले. "तीस वर्षांत एकानेही कोणाला भॉक केलेलं नाही. उगाच त्यांची बदनामी कशाला?"

तेवढ्यात पुढच्या रांगेतून नात उभी राहिली. "मी होणार भूत! आईने पांढरी चादर पण दिलीय."

"कोणाचं?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, भूत म्हणजे कोणीतरी गेलेलं माणूसच ना? तू कोणाचं?"

सगळे हसले, पोर खाली बसली आणि तिचे डोळे भरून आले. बाबांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. भरसभेत नातीला तोंडघशी पाडून काय मिळवलं, तर काही नाही. शेवटी पाळकसाहेबांनी निकाल दिला: ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावं, आणि हॅलोविनच्या संध्याकाळी पाच वाजता मुलांनी हॉलमध्ये खाऊ खायला यावं. पुढचे चार दिवस डबा सुनेनेच आणला. नातीने अबोला धरला होता.

हॅलोविनच्या दिवशी साडेचारला, चांगलं ऊन असताना, बाबा बायकोच्या दगडापाशी बसून अक्षरं घासत होते. फाटक वाजलं. पावलं पहिल्या रांगेपाशी थांबली. मग जराशी घाईने पुढे आली.

"अहो! कालचा डबा पुन्हा न धुता पाठवलात ना?"

बाबांच्या हातातला ब्रश खाली पडला. समोर नात उभी होती. आजीचा तपकिरी स्वेटर गुडघ्यापर्यंत आलेला, त्याचं एक बटण निळं, आजीनेच लावलेलं. नाकावर दोरीचा चष्मा, हात कमरेवर. कपाट सुनेने उघडून दिलं असणार, पण तो कमरेवरचा हात काही कपाटात मिळत नाही. तो पोरीने लक्षात ठेवला होता.

"चुकलं," बाबा म्हणाले. तीन वर्षांनी त्यांना कोणीतरी रागावत होतं आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

"आणि हे काय? हा कोपरा राहिलाय!"

"घासतो. पण काय गं," त्यांनी हळूच विचारलं, "आत यायला भीती नाही वाटली?"

नात बाकावर बसली. तिने चष्मा वर ढकलला. "फाटकापाशी वाटली. मग म्हटलं, आजीकडेच तर जायचंय. आजीला कोण भितं? तुम्ही सोडून."

बाबा इतके हसले की दगडावरचा साबण त्यांच्या मिशीला लागला.

"चला आता, हॉलमध्ये सगळे वाट बघताहेत," नात उठत म्हणाली. "आधी हात धुवा."

बाबांनी मुकाट्याने हात धुतले.