मा. सटवाई देवी यांचे सेवेशी

कोपरगावच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली घडीचं टेबल टाकून बसणारे कानिफनाथ दवंगे कोऱ्या कागदाला भितात. विंचू दिसला तर ते चप्पल काढतात, बायको चिडली तर ‘बरं’ म्हणतात. पण टेबलावर कोरा कागद उघडा पडलेला दिसला की ते आधी तो उचलून पिशवीत दडवतात. त्यावर कोण काय लिहील याचा नेम काय?

दवंगे तात्यांचा धंदा अर्जनवीसाचा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज ते लिहितात, आणि ज्यांना लिहिता येतं पण साहेबाला कळेल असं येत नाही, त्यांचेही लिहितात. तीस वर्षं झाली. आता सगळं ऑनलाइन झालंय, पण बांधाचं भांडण अजून ऑनलाइन झालेलं नाही, म्हणून तात्यांचं टेबल टिकून आहे. सकाळी थोरला भाऊ येतो आणि धाकट्याविरुद्ध अर्ज लिहून नेतो. दुपारी धाकटा येतो आणि त्याच अर्जावर हरकत लिहून नेतो. दोघांनाही वाटतं, आपलाच कागद भारी. तात्या दोघांचंही तितकंच मन लावून लिहितात आणि लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवतात. गिऱ्हाइकानं सांगितलं त्यात एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात नेमानं पाळली. व्यायाम वगैरे राहूनच गेला.

अशा माणसाला पहिल्यांदाच नात झाली. एकुलती लेक निकिता बाळंतपणाला श्रीरामपूरहून माहेरी आली होती. दवाखान्यात नर्सनं विचारलं, “तुम्ही कोण?” तात्या खणखणीत आवाजात म्हणाले, “सदर बालिकेच्या आईचा वडील!” नर्सनं दाराकडे बोट दाखवलं.

चार दिवस झाले तरी तात्यांच्या हाती नात काही आली नव्हती. त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना शाई होती, आणि ती साबण, रॉकेल, लिंबू या सगळ्यांना पुरून उरली होती. बायकोनं, राहीबाईंनी, फर्मान काढलं होतं, “त्या बोटांनी पोरीला हात लावायचा न्हाई. कचेरीतला शिक्का हाय का ती?”

पाचव्या दिवशी दुपारी तात्या जेवायला घरी आले आणि दारातच थबकले. बाळंतिणीच्या खोलीत पाटा धुऊन मांडला होता. त्यावर हळदकुंकू लावलेला वरवंटा उभा होता. आणि शेजारी पेन, अन् एक कोरा करकरीत कागद.

“हे काय?”

“पाचवी न्हाई का आज? सटवाई येती. पोरीचं नशीब लिवती. तिला कागद-पेन नको?”

“कोरा?” तात्यांचा आवाज चिरकला. “अगं, अख्ख्या जन्माचा मामला, आन् तू कोरा कागद ठेवती? ना विषय, ना संदर्भ! ती देवी एका दिवसात किती घरं फिरत आसंल? घाईत काहीबाही खरडून गेली मंग?”

“निकीच्या टायमाला बी कोराच ठेवला हुता. काय वाईट झालं तिचं?”

“श्रीरामपूरला गेली की!”

राहीबाईंनी ताट आपटलं. जेवण सुरू झालं, पण तात्यांचं चित्त भाकरीत नव्हतं.

त्यांना आठवत होती दोन वर्षांची निकिता. सकाळी ती उठायच्या आत ते टेबलावर जायचे, आणि ती झोपल्यावर घरी यायचे. एकदा तब्येत बरी नव्हती म्हणून चार वाजता घरी आले, तर पोरगी त्यांना बघून आत पळाली आणि ओरडली, “आई, कुणीतरी आलंय!” कॉलनीत हा विनोद दहा वर्षं चालला. तात्याही हसायचे, सगळ्यांत मोठ्यानं. आता नातही सव्वा महिन्यानं श्रीरामपूरला जाणार. मग दिवाळीला यायची आणि दारातून हेच ओरडायची.

हात धुऊन तात्या तडक लिंबाखाली गेले. समोर वारसनोंदीवाले तिघं ताटकळत होते. त्यांना ‘उद्या’ सांगितलं आणि लिहायला बसले. तीस वर्षांतला हा त्यांचा पहिला स्वतःचा अर्ज. दिवेलागणीला ते घरी आले, कोणी बघत नाहीसं पाहून कोरा कागद उचलून आपल्या उशीखाली दडवला, त्या जागी घडी घातलेला अर्ज वरवंट्याखाली सरकवला आणि निरागस चेहऱ्यानं ओट्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. श्रीरामपूरहून झुंबरबाई उतरल्या, निकिताच्या सासूबाई. एका हातात कुंची-टोपड्याची पिशवी, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि तोंडात एसटीच्या कंडक्टरला अर्धवट राहिलेल्या शिव्या. घाईत चष्मा एसटीतच राहिला होता. त्याचंही खापर कंडक्टरवर फुटलं.

नात पाहून झाली, दृष्ट काढून झाली. झुंबरबाई सटवाईला कुंकू वाहायला वाकल्या आणि वरवंट्याखालून त्यांनी कागद ओढला.

“अगं बया! ह्याच्यावर तर तिकीट चिकटवलंय!”

तात्यांनी कोर्ट फीचं तिकीट लावलं होतं. देवी झाली म्हणून काय, तिकिटाशिवाय अर्ज दाखल कसा व्हायचा?

“निके, वाच गं काय हाय.”

निकितानं वाचायला सुरुवात केली, आणि तात्यांनी ओट्यावरची चप्पल पायांनी चाचपली.

“‘मा. सटवाई देवी यांचे सेवेशी. विषय: उत्तम नशीब लिहून मिळणेबाबत. अर्जदार: नवजात बालिका, वय दिवस पाच, धंदा काही नाही, तर्फे पालनकर्ता कानिफनाथ दवंगे, नाते आजोबा, आईकडील. विनंती एक: अर्जदारास नाक आईकडील घराण्याचे मंजूर व्हावे. वडिलांकडील नाक आकाराने मोठे असल्याने...’ अहो तात्या!”

“पुढं वाच,” झुंबरबाई म्हणाल्या. त्यांचं नाक थरथरत होतं, आणि ते खरंच मोठं होतं.

“‘विनंती दोन: अर्जदाराचे वास्तव्य शक्यतो कोपरगाव तालुक्याच्या हद्दीत ठेवावे. विनंती तीन...’” निकिता अडखळली. “‘अर्जदाराने आईकडील आजोबास ओळखावे.’”

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, ते कळलं नाही.

“इवाई!” झुंबरबाई कडाडल्या. “या आत! पालनकर्ता म्हनं! आमी काय मेलो? माजी हरकत लिवा!”

“मी?”

“मंग दुसरं कोन हाय हितं लिवनारं? घ्या पेन!”

आता दुसरा कुणी असता तर हात जोडून मोकळा झाला असता. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं, हरकत द्यायची म्हणत होतं. तात्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. मांडी घालून त्यांनी पिशवीतला नवा कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि म्हणाले, “सांगा, ईनबाई. सावकाश सांगा.”

झुंबरबाई सांगत गेल्या, तात्या लिहीत गेले. लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं की बाईंकडे चष्मा नाही. निकिता पोरीला पाजायला भिंतीकडे तोंड करून बसली होती. राहीबाई चहा टाकायला गेल्या होत्या. आत्ता या कागदावर काहीही लिहिलं असतं तरी खपलं असतं. ‘नात सहा महिने कोपरगावी राहील’ लिहिलं असतं, तरी बाईंनी खाली सही ठोकली असती. पेन क्षणभर थांबलं. मग खाली झुकून त्यांनी बाई जे म्हणाल्या तेच लिहिलं, आणि एका ठिकाणी बाईंची बाजू लंगडी पडत होती, तिथं तर ‘हे नीट सांगा’ म्हणून आठवणही दिली.

“आता वाचून दाखवतो. ‘हरकतदार झुंबरबाई यांचे म्हणणे की, सदर बालिका श्रीरामपूरच्या घराची असून आईकडील आजोबाचा तिच्याशी कसलाही हक्क, संबंध अगर वास्ता नाही. त्यांनी तिला वर्षातून एकदा, दिवाळीस पाहावे व पाहून झाल्यावर परत करावे.’”

“आसं मी म्हनले?”

“शब्दाला शब्द.”

“मी बोलत हुते तवा बरं लागत हुतं,” झुंबरबाई पुटपुटल्या. “पाहून झाल्यावर परत करावे! ती काय भाड्याची भांडी हाय का? खोडा ते.”

“खाडाखोड चालत न्हाई. नवीन लिहावं लागंल.”

“मंग लिवा नवीन! म्हयन्यातून दोनदा पोरगी हितं येईल, माजा ओंकार आनून सोडंल. आन् मधी तुमाला आटवन आली तर तुमी या. फकस्त ते टेबल सोडून या.”

“दोनदा?” तात्यांनी पेन सरसावलं. “आकड्यात लिहू, का अक्षरात?”

“दोन्हीत लिवा! आन् नाकाचं?”

चहा घेऊन आलेल्या राहीबाईंनी पोरीकडे वाकून पाहिलं. “नाकाचं इसरा. ते ईनबाईंचंच घेऊन आलीया. तुमी तिला जवळून बघितलंय कुटं?”

झुंबरबाईंनी इतक्या समाधानानं चहा ओतला की बशीबाहेर सांडला.

नवा कागद तयार झाला. झुंबरबाईंनी अंदाजानं सही केली. आता अर्जदाराची बाजू. वयानं अज्ञान असली तरी अर्जदार म्हटल्यावर डाव्या अंगठ्याची निशाणी लागणारच, म्हणून तात्यांनी सवयीनं पिशवीतून शाईचा पॅड काढला.

“खबरदार!” राहीबाई ओरडल्या.

“ऱ्हाऊ द्या ती शाई,” झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी निकिताकडून पोरगी घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत तात्यांच्या मांडीवर ठेवली, तिथल्या कागदाशेजारीच. “आदी घ्या तर नीट. पालनकर्ता म्हनं!”

तात्या जागच्या जागी लाकूड झाले. मांडीवरचं गाठोडं त्यांच्याकडे एकटक बघत होतं. झुंबरबाईंचं नाक, राहीबाईंच्या आठ्या, आणि डोळ्यांत एखाद्या नवीन आलेल्या साहेबाची शंका. पोरगी ओरडली नाही, पळाली नाही. तिनं जरा विचार केल्यासारखं तोंड वाकडं केलं, आणि तात्यांच्या मांडीला ऊब जाणवली. ऊब पसरत धोतरातून कागदावर आली, आणि आकड्यात अन् अक्षरात लिहिलेल्या ‘दोनदा’च्या खाली एक गोल डाग उमटला.

“अगं बाई, भिजवलं!” निकिता उठू लागली.

“थांब,” तात्या म्हणाले.

एका हातानं नात सांभाळत, दुसऱ्या हाताच्या शाईच्या बोटांनी त्यांनी पेन उघडलं. ओल्या डागाभोवती नीट रेघ ओढून त्यांनी शेजारी लिहिलं: ‘निशाणी अर्जदार. माझ्यासमक्ष केली.’ खाली सही, तारीख, आणि कंसात: आजोबा.

कागद वाळायला वरवंट्यापाशी ठेवला. राहीबाईंनी तात्यांच्या उशीखालून पहिला कोरा कागद शोधून आणला आणि मुद्दाम त्याच्यावर ठेवला. तात्यांनी तो पाहिला, पण धोतर बदलायलासुद्धा ते उठले नाहीत. पोरगी झोपली होती, आणि त्यांच्या बोटांची आठवण अजून कुणाला झाली नव्हती.