इराण्याचा ब्रून, लीच्या शेवया

पार्सल ऑफिसात कुणाचं ना कुणाचं काहीतरी राहूनच जातं. छत्री, जेवणाचा डबा, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट! मालक उशिरा का होईना येतो आणि आपलं घेऊन जातो. किस्से मात्र न्यायला कोणी येत नाही. ते साठतच जातात.

साठच्या दशकात मी लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होतो. तेव्हाचे असे बरेच किस्से माझ्याकडे पडून आहेत. त्यातले निम्मे खाण्याचे, आणि खाण्याचे जवळजवळ सगळे दोन हॉटेलांचे. एक स्टेशनसमोरचं बेहरामशेठ इराण्याचं. दुसरं बाजारातल्या गल्लीत नंतर निघालेलं, मिस्टर ली नावाच्या चिनी माणसाचं 'लोटस'. या दोन हॉटेलांवरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली, तेवढी रजेवरूनही कधी झाली नाहीत!

ऑफिसात माणसं मोजकीच. हेड क्लार्क लिमयेसाहेब, कडक शाकाहारी, आणि कुठल्याही बातमीनं हादरायला कायम तयार. धोंडिबा हमाल, टाकवे बुद्रुकचा गडी, जे दिसेल ते तोंडावर बोलणारा. आणि मी.

* * *

लिमयेसाहेबांना इराण्याचा मावा केक फार आवडायचा. चारच्या चहाबरोबर रोज एक. "खव्याचा पदार्थ आहे, अगदी सात्त्विक!" असं ते आम्हाला सांगायचे. कित्येक वर्षं हे चाललं होतं.

एके दिवशी बेहरामशेठ स्वतः पार्सल सोडवायला आले. टोपलीवर कापड होतं. लिमयेसाहेबांनी सहज विचारलं, "काय मागवलंत शेठ?"

"अंडा," शेठ म्हणाले. "केकके वास्ते."

"कुठल्या केकच्या?"

"तुम खाता है ना साहेब, वोही!"

लिमयेसाहेब खुर्चीत बसले ते उठेचनात. चेहरा पांढराफटक. मी पाणी दिलं. बायकोला काय सांगू, देवाला काय सांगू, एवढंच पुटपुटत होते. घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि दोन दिवस उपास धरला.

तिसऱ्या दिवशी चार वाजले. लिमयेसाहेबांनी धोंडिबाला हळूच जवळ बोलावलं आणि म्हणाले, "इराण्याकडे जा. केक आण. पण कडेचा भाग काढून टाकायला सांग. अंडं कडेला असतं!"

* * *

धोंडिबाचा बाप, आम्ही सगळे त्याला आबा म्हणायचो, आठवड्याच्या बाजाराला टाकव्याहून चालत कान्हे स्टेशनला यायचा आणि तिथून गाडीनं लोणावळ्यात. एकदा धोंडिबानं हौसेनं त्याला इराण्याच्या हॉटेलात नेलं. संगमरवरी टेबल, वाकड्या पाठीच्या खुर्च्या. आबा खुर्चीवर न बसता तिच्या शेजारी उकिडवा बसला. धोंडिबानं कसंबसं वर बसवलं आणि ब्रून मस्का मागवला.

आबाच्या तोंडात दात जेमतेम दोन. ब्रून म्हणजे तर भाजून कडक केलेला पाव! आबानं तो टेबलावर आपटून पाहिला. खणखण वाजला.

"शेठ, ह्यो पाव हाये का ईट?"

बेहरामशेठ गल्ल्यावरून ओरडले, "चायमें डुबाव, बाबा!"

आबानं ऐकलं नाही. वरचं लोणी बोटानं चाटलं आणि पाव उपरण्यात बांधला. "बैलाला घालतो," म्हणाला.

पुढच्या बाजाराला आबा मुद्दाम हॉटेलच्या दारात आला. शेठनं हसत विचारलं, "क्या बाबा, बैलने खाया?"

"खाल्ला की," आबा म्हणाला. "पर तवापासनं माज्याकडं बघतच न्हाई!"

* * *

मग लोटस निघालं, आणि खरा हादरा तेव्हा बसला. चीनशी लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती. माणसं अजून त्या गोष्टी काढायची. आणि आमच्या गल्लीत, लाल कंदील टांगून, चिनी माणसाचं हॉटेल! निम्मं गाव म्हणालं, हेर आहे. उरलेलं म्हणालं, हेर असो की कोणी, आत खायला काय मिळतं ते तर बघू.

त्यात त्याचं पहिलं पार्सल आलं. मुंबईहून लाकडी खोकं. धोंडिबानं उचललं तर खालून टपटप. काळंभोर, चिकट. फरशीवर थारोळं!

"ॲसिड!" लिमयेसाहेब ओरडले. "बाहेर व्हा सगळे! हात लावू नका!"

आम्ही प्लॅटफॉर्मवर. धोंडिबा म्हणाला, "साहेब, ह्ये इंजनातलं काळं त्याल हाये. म्या वळखतो." कोणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. कोणी म्हणालं, पाण्याची बादली आणा. तेवढ्यात बुटका, हसरा मिस्टर ली स्वतःच आला. आमची गर्दी पाहिली, खोकं पाहिलं. खाली वाकला, थारोळ्यात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं!

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. एक बाई तर किंचाळलीच.

ली म्हणाला, "अच्छा माल है." आणि खोकं घेऊन निघून गेला.

तो सोया सॉस होता हे आम्हाला फार पुढे कळलं. तोपर्यंत बाजारात बातमी पोचली होती की चिनी माणूस इंजिनाचं तेल पितो. आमचा न्हावी माझी दाढी करता करता थांबला, वस्तरा हातात धरून विचारात पडला आणि म्हणाला, "तरीच आपण हरलो!"

* * *

लोटसमध्ये गर्दी वाढली तसे बेहरामशेठ चिडले. ऑफिसात येऊन हात उडवत म्हणाले, "देखो साहेब, कैसा जमाना आया! बाहरका लोग आता है, इधर धंदा करता है!"

लिमयेसाहेब चाट पडले. "शेठ, मग तुम्ही कुठले?"

"हम?" शेठ छातीवर हात ठेवून म्हणाले, "हम तो इधरका, वलवणका!"

* * *

लिमयेसाहेबांकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. घरी पोरं नव्हती, त्यामुळे त्या दोघा नवराबायकोचा त्याच्यावर फार जीव. मोत्या रोज दूधभात, वरणभात, एकादशीला साबुदाणा खायचा. एका सकाळी तो नाहीसा झाला.

दोन दिवस शोधाशोध. लिमयेकाकूंनी अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी न्हाव्यानं नको ते बोलून दाखवलं: "साहेब, लोटसमध्ये विचारलंत का? हे लोक काय वाटेल ते शिजवतात म्हणे."

लिमयेसाहेब अचानक उठले, टोपी घातली आणि निघाले. मी आणि धोंडिबा मागोमाग. साहेब रागावले की काय करतील याचा नेम नव्हता, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात छत्री होती.

लोटसच्या दारात ते थबकले. आत पाऊल टाकायचं धाडस होईना. म्हणाले, "धोंडिबा, तू स्वयंपाकघरात बघून ये."

धोंडिबा गेला. आतून त्याची आरोळी आली, "साहेब! मोत्या हाये हितं!"

लिमयेसाहेबांनी भिंतीला हात टेकला. अगदी बारीक आवाजात विचारलं, "कशात?"

"कशात म्हंजी?"

"अरे, कढईत का... का पातेल्यात?"

"दारात बसलाय न्हवं! हाडूक फोडतोय!"

आम्ही धावत मागच्या बाजूला गेलो. मोत्या चांगला गुबगुबीत, तुकतुकीत दिसत होता. ली शेजारी बसून त्याच्या पाठीवर हात फिरवत होता. "दो दिनसे आता है," म्हणाला. "बहुत भूखा था बेचारा!"

लिमयेसाहेबांनी हाक मारली. मोत्यानं शेपटी हलवली, पण हाडूक सोडलं नाही. साहेबांनी पुन्हा हाक मारली. मोत्या हाडकासकट लीच्या पायामागं सरकला!

तो पुन्हा घरी राहायला गेला नाही. साहेब छत्री टेकत परतले. स्टेशनच्या दारात आल्यावर एकच शब्द बोलले, "बाटला!"

* * *

एका पावसाळ्यात घाटात दरड आली आणि मुंबईची पार्सलं अडकली. नेमकी त्याच दिवशी लीकडे पुण्याची मोठी पार्टी यायची होती. पोराच्या साखरपुड्याची मंडळी, आधी सांगून ठेवलेली. आणि त्याचे नूडल्स घाटाखाली! ली पार्सल ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. रडायचाच बाकी होता.

धोंडिबानं विचारलं, "त्ये नूडल मंजे कसं असतंय?"

लीनं हातानं लांब दोरे ओढून दाखवले.

"आरं, मंग ह्या तर शेवया! आमच्या हौशीनं उन्हाळ्यात डबाभर करून ठिवल्यात."

हौसाबाई म्हणजे धोंडिबाची बायको. पाटावर वळलेल्या तिच्या शेवया टाकव्यात नावाजलेल्या. धोंडिबा भर पावसात गावी जाऊन डबा घेऊन आला, आणि आपल्या शेवयांचं काय होतं ते बघायला हौसाबाईही त्याच्यामागं आली. ली खूश! पार्टी आली, जेवली. मुलीच्या मामांनी तोंड पुसत पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी कलकत्त्याला खाल्लंय, मुंबईला खाल्लंय. पण अस्सल चायनीज चव म्हणाल तर हीच!"

ली इतका आनंदला की त्यानं हौसाबाईसाठी त्यातलीच एक बशी भरून आणली. तिनं बशीत पाहिलं. कोबी, कांद्याची पात, वर ते काळं तेल. तिनं तोंडावर पदर घेतला आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "आवं, ह्या येड्याकडं गूळ न्हवता व्हय? मागायचा तरी!"

* * *

आता हवालदारांचं सांगतो.

हवालदार आमच्याकडे उशिरा आले, वॉचमन म्हणून. आंदर मावळातले, फौजेतून निवृत्त झालेले. नाव वेगळं होतं, पण सगळे हवालदारच म्हणायचे. उंच, शांत, कामापुरतं बोलणारा माणूस. चीनच्या लढाईत होते एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्यासमोर आम्ही लोटसचं नावसुद्धा काढत नसू.

मला बढती मिळाली तेव्हा सगळे पार्टी मागायला लागले. धोंडिबा बोलून गेला, "लोटसात जाऊ!" आणि लगेच त्यानं जीभ चावली. हवालदार कोपऱ्यात बसले होते.

"मीबी येतो," ते म्हणाले.

दुपारी आम्ही चौघं लोटसमध्ये बसलो. लिमयेसाहेबांनी फक्त थंड लेमन घेतलं. लीनं नूडल्सच्या बशा मांडल्या आणि गंमत म्हणून प्रत्येकापुढं दोन दोन लाकडी काड्या ठेवल्या. मी प्रयत्न केला, सगळं शर्टावर. धोंडिबाच्या मिशीला दोन शेवया लोंबल्या. आम्ही हसत होतो, काटे मागत होतो. आणि माझं लक्ष हवालदारांकडे गेलं.

हवालदार काड्यांनी जेवत होते. खाली मान घालून, सराईत हातानं. बशीबाहेर एक कण नाही!

आमचं हसू थांबलं.

"हवालदार," मी विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"तिबेटात," ते म्हणाले. "कैदेत व्हतो."

रोज शेजारी बसणारा माणूस! आम्हाला पत्ताच नव्हता. लिमयेसाहेबांचा ग्लास तसाच हातात राहिला. "बोलला नाहीत कधी!" ते म्हणाले.

"घरच्यांला म्हाईत हाय. बाकी कुनाला काय सांगायचं?"

ली सूपचे बाऊल घेऊन टेबलाजवळ उभा होता. मराठी त्याला आता चांगलं कळत असे. त्यानं बाऊल एकेक करून आमच्यापुढं ठेवले आणि विचारलं, "किसका कैदमें?"

हवालदारांनी मान वर केली. "तुम्हारा. चीनका."

लिमयेसाहेबांनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे, बिल देऊन आधी उठावं.

ली हलला नाही. "हमको भी पकडा था," तो म्हणाला. "वोही लडाईमें."

"तुम्हाला? कुणी?" लिमयेसाहेबांनी विचारलं.

"पुलिसने. दार्जिलिंगमें. मेरा बाप उधर पैदा हुआ, हम भी उधर पैदा हुआ. बोला, तुम चीनी है, चलो. सब घरको गाडीमें डाला. राजस्थान भेजा, कँपमें. माँ, बीवी, बच्चा, सब. बाप उधरही मर गया."

धोंडिबानं आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. "आपल्यांनी?" त्यानं विचारलं. "आपल्यांनी पकाडलं?"

मला तर तोंड वर करवेना.

हवालदारांनी काड्या खाली ठेवल्या. लीकडे पाहिलं. मग विचारलं, "खानेको क्या देते थे?"

"चावल," ली म्हणाला. "आधा कच्चा. उसमें कंकर."

"हमको मूली. मूलीका पानी, और चावल."

"रोज?"

"रोज. अबी बी घरात मुळा आनू देत न्हाई."

लीनं खाली पाहिलं. हवालदारांपुढचा सूपचा बाऊल दोन्ही हातांनी उचलला.

"इसमें मूली है," म्हणाला, आणि आत घेऊन गेला.