सपाट रेषा
तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास आला की मला दूर वाळवंटातली गॅसची विहीर आठवते, आता बोला! मी भूगर्भशास्त्रज्ञ, पण ती विहीर कधी पाहिलीच नाही. आंजी गावातल्या घरी, कुलरसमोर लुंगीवर बसून मी तिथून नेटवर येणाऱ्या ड्रिलिंगच्या आलेखातल्या रेषा लॅपटॉपवर वाचायचो आणि खाली कुठला दगड लागलाय ते हेडफोनवरून सांगायचो. तिथला ड्रिलर मोठा गप्पिष्ट. त्या संध्याकाळी म्हणाला, “साहब, आज पत्थर तो मक्खन है!” दगड असा अचानक मऊ लागणं वाईट, खाली कोंडलेला गॅस उसळून विहीरच फुटू शकते, आणि माझ्यासमोर गॅसची रेषा सरसर चढत होती. मी ओरडलो, “मशीन रोको, सबको नीचे उतारो!” तो हसला, “अरे, चाय तो खतम करने दो.” आणि एकदम सगळ्या रेषा सपाट झाल्या, आवाजही बंद. आमच्या गावात याचा अर्थ एकच, नेट गेलं. मी तणतणत गच्चीवर गेलो, अँटेनाला दोन थपडा लगावल्या, नेटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेजारचे काका त्यांच्या गच्चीवर खर्रा घोटत बसले होते. “काऊन बोंबलून राह्यला, बाबू?” “नेट गेलं ना, काका!” “कुठी गेलं? मी त तुह्याच वायफायवर कुस्ती पाहून राह्यलो!” त्यांनी मोबाइल माझ्याकडे फिरवला. दोन पैलवान जराही न अडखळता झुंजत होते. ड्रिलरचा तो आवाज मला पुन्हा कधीच ऐकू आला नाही. आजही रेषा सपाट झाल्या की मी आधी काकांना हाक मारतो, आणि “गेलं बे!” म्हणत त्यांनी शिवी हासडली की मला गावभर पेढे वाटावेसे वाटतात.