बाबांच्या बंदुकीचा पट्टा

आमच्या गावच्या घरी बंदूक आहे असं सांगितलं की मुरुडमधल्या माझ्या शेजारणी दोन पावलं मागे सरकतात. सरकू दे. त्या बंदुकीने आजवर डासही मेलेला नाही, हे मी त्यांना सांगत नाही.

बंदूक ठासणीची, आजोबांच्या वेळची, आणि परवाना पिकाच्या राखणीचा. भात निघालं की आमच्या गावात वाल पेरतात, आणि वालाला कोवळी पानं फुटली की रानातून भेकरं, ती भुंकणारी छोटी हरणं, उतरतात. भेकराला मारणं गुन्हा आहे, आणि हवेत बार काढला तर आईचं डोकं दुखतं. म्हणून बाबा रोज संध्याकाळी बंदूक खांद्याला अडकवून शेताला फेरी मारतात आणि भेकर दिसलं की तोंडानेच ओरडतात. म्हणजे ही बंदूक उडवायची नव्हेच, नुसती वाहायची. अशा बंदुकीत नळीपेक्षा पट्ट्याला जास्त मान असतो.

गेल्या वर्षी बाबा चिंचेवरून पडले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण त्यावर जुना चामड्याचा पट्टा पडला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. डाव्या खांद्यावर बंदूक ठरेना. आई तर संधीच बघत होती. म्हणाली, "आता देऊन टाका ती सरकारला. बसा की घरात."

मी म्हटलं, "बाबा, बंदूक नका नेऊ. नुसतेच जा शेतावर."

"हात हालवत? लोक इचारतील, कुठं चाललास, तर काय सांगू? फिराया?"

आमच्याकडे फिरायला मुंबईचे पाहुणे जातात. गावचा माणूस कामाला जातो. हे मला कळत होतं, म्हणून जास्तच राग आला. पंधरा दिवस बाबा ओटीवर बसून होते. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. मला त्यांची काळजी वाटायला लागली, खोटं कशाला सांगू?

मुरुडला माझं शिवणकामाचं दुकान आहे. आजवर हजारभर ब्लाउज शिवलेत, बायकांच्या खांद्यांची मापं मला तोंडपाठ आहेत. एका बंदुकीच्या पट्ट्याने मला काय हरवायचं, अशा ऐटीत मी कामाला लागले. पहिला पट्टा लॅपटॉपच्या बॅगेचा. तो इतका गुळगुळीत निघाला की बंदूक घसरून बांधावरच्या चिखलात नळीवर उभी राहिली. दुसरा भंगारातल्या गाडीच्या सीटबेल्टचा, चांगला रुंद. त्याची कड मानेला लागली. बाबा म्हणाले, "यापरीस भेकरं बरी."

दुकानाशेजारी मासळी विकणारी एक कोळीण आहे. माझी कुरकुर ऐकून ती हसली. "अगो बाय, रुंद घेऊन काय करशील? आमी टोपलीखाली चुंबल घेतो, ती काय रुंद हाय? मऊ हाय."

मी कपाळाला हात लावला. चुंबळ! आयुष्यभर आईच्या डोक्यावर पाण्याच्या हंड्याखाली ती कापडाची गुंडाळी बघितली, आणि मी भंगारवाल्यांकडे फिरत होते.

चुंबळीसारखं मऊ कापड म्हणजे बारा वेळा धुतलेलं सुती लुगडं. ते आईच्याच पेटीत. मागितलं तर आईने आधी पेटीवर बसूनच घेतलं. मग उठली, हिरवं लुगडं काढलं आणि माझ्या अंगावर फेकलं. "बंदुकीला देत न्हाय हां. खांद्याला देतेय."

वरून खाटेची नवार, खाली लुगड्याच्या सहा घड्या, गोधडीचा टाका. बाबांनी पट्टा लावला आणि विहिरीपर्यंत जाऊन आले. परत गेले, परत आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी विचारलं, "कसा आहे?"

"हाय का न्हाय, कळतच न्हाय," ते म्हणाले. बाबांकडून एवढं म्हणजे सत्कारच.

आठ दिवस सुखाचे गेले आणि निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच खांद्यावर. म्हणून बाबा स्वतः ती घेऊन तळा गावच्या ठाण्यात निघाले, आणि मी सोबतीला. हवालदाराने वहीत लिहायला घेतलं, "बंदूक एक, पट्टा..."

बाबांनी पट्टा सोडवून खिशात कोंबला. "पट्ट्याला परवाना लागत न्हाय, सायेब." हवालदार हसला आणि पट्टा खोडला.

मला वाटलं, झालं, पुन्हा ओटी. पण संध्याकाळी बाबा उठले, रिकामा पट्टा खांद्यावर टाकला आणि चपला शोधायला लागले.

"बंदूक कुठाय?" आईने विचारलं.

"ठाण्यात."

"मग पट्टा कशाला?"

"खांद्याची सवय मोडाया नको."

मी मागोमाग गेले. बांधावर एक जण भेटला, म्हणाला, "काय, राखणीला?" बाबा म्हणाले, "व्हय." उजवा हात छातीवर पट्ट्याला धरलेला, जसा बंदूक असताना धरतात. वालात भेकर होतं. बाबा ओरडले, ते पळालं. त्याला बंदूक नसल्याचं कुणी सांगितलं नसावं.

निवडणूक झाली, गुलाल उडाला, निवडून आलेले दिसेनासेही झाले. बंदूक आणायला कधी जाणार विचारलं की बाबा म्हणतात, "जाऊ की. पळून जातेय काय ती?"

परवा आईचा फोन आला. आवाज भांडायला निघाल्यासारखा. "तो पट्टा घामाने मळलाय. आज मी धुवाया घेतला, तर वाळेस्तवर हा माणूस घरातच बसला, तोंड पाडून. तू दुसरा शिव. माझं निळं लुगडं काढून ठेवलंय."