तीन हिरवे दिवे आणि मांडीखालचे हात

वायुदलातलं माझं पहिलं पोस्टिंग ईशान्येकडच्या एका ट्रान्सपोर्ट स्क्वाड्रनमध्ये झालं. तिथे पहिल्याच महिन्यात मी एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, तेव्हा आधी माझी फजिती ऐका.

सकाळचे ०७१०. उतरण्यासाठी चाकं खाली केली. तीन चाकांचे तीन हिरवे दिवे लागायला हवेत. लागले दोन. मी वाकून तिसऱ्यावर टिचकी मारली. मागून फ्लाइट इंजिनिअर, वॉरंट ऑफिसर गुरमीत सिंग, माझ्या खांद्यावरून वाकले. विमान माझ्या हातात होतं आणि मी दिव्याची मनधरणी करत होतो.

डाव्या सीटवरून स्क्वाड्रन लीडर अविनाश मोहिते शांतपणे म्हणाले, “दिव्याकडे दोघं आहेत. विमानाकडे कोण आहे?”

आम्ही ठरल्या उंचीच्या दोनशे फूट खाली आलो होतो. मला पत्ताही नव्हता.

मोहिते सर गिरगावचे. चाळीच्या गणपतीत नाटकं बसवणारे. उतरल्यावर त्यांनी मला नियम दिला. “एकाने विमान उडवायचं, दुसऱ्याने बिघाड बघायचा. आणि उडवणाऱ्याच्या कामात बोट घालावंसं वाटलं, तर आपले हात आपल्या मांडीखाली. प्रॉम्प्टर स्टेजवर आला की नाटक पडतं, अरुण.” पुढे मी लँडिंग करायचो तेव्हा ते खरोखर हातांवर बसायचे. शपथेवर सांगतो.

दोन वर्षांनी ते एका सॉर्टीवरून, म्हणजे कामगिरीच्या उड्डाणावरून, परतले नाहीत. ते शेवटी सांगतो.

आता मी एअरलाइनमध्ये कॅप्टन आहे. राहतो लालबागला. केस गेले, पोट आलं, आवाज शाबूत आहे. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी कोचीहून मुंबईला येत होतो. माझ्या उजवीकडे फर्स्ट ऑफिसर तेजल कांबळे. परळच्या चाळीत वाढलेली, वडील पोस्टात होते, फ्लाइट बॅगेच्या आतल्या कप्प्यात बाबासाहेबांचा छोटा फोटो. त्या दिवशी विमान ती उडवत होती. रेडिओ आणि चेकलिस्ट माझ्याकडे.

१६३८. घाटकोपरच्या अलीकडे तिने मागितलं, “गिअर डाउन.” मी लीव्हर खाली केला. दोन हिरवे. पुढच्या चाकाचा लाल.

“गो-अराउंड,” तेजल म्हणाली. उतरणं रद्द. इंजिनांनी जोर घेतला, नाक वर गेलं.

मी रेडिओवर सांगितलं, “गोइंग अराउंड. नोज गिअर अनसेफ.”

रनवे पायाखालून गेला आणि आम्ही समुद्रावर आलो. डावीकडे धुरकट गिरगाव चौपाटी, तिच्याअलीकडे लालबाग-परळचे टॉवर. आमच्या दोघांची घरं एकाच खिडकीत मावत होती. इंधन पन्नास मिनिटांचं. पुढचं चाक लॉक झालं नाही, तर एकशे सत्तेचाळीस माणसं विमानाच्या नाकावर उतरणार.

चाकं वर घेतली, पुन्हा खाली केली. लाल.

नियमाने मी कंट्रोल माझ्याकडे घेऊ शकत होतो. खरं सांगतो, हात पुढे गेलाही होता. उंची बघितली. तीन हजार फूट, सुई जागची हललेली नाही. वेग जिथल्या तिथे. मग कोणत्या तोंडाने घेऊ?

“तेजल, विमान तुझंच. मी बिघाड बघतो.”

“बघा ना सर. केव्हापासून माझ्या हाताकडे बघताय.”

चाकं हाताने सोडण्यासाठी दोन सीटच्या मागे जमिनीत एक हँडल असतं. ते ओढून तीन वेळा फिरवायचं, की लॉक सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. मी आधी प्रवाशांना सांगितलं, “पुढच्या चाकाचा दिवा थोडा रुसलाय. त्याची समजूत काढतो आणि येतो.” मग मागे वळलो. पोट आडवं आलं. एक. दोन. तीन. खालून धडधड ऐकू आली.

दोन हिरवे. एक लाल.

मी मनात आकडे मोजत होतो. पाच. नऊ. बारा. तेजलने मान वळवली नाही. “सर, दिवा?”

“लाल.”

“ओके. उंची तीन हजार, वेग बरोबर.”

चौदाला हिरवा झाला. मी असा ओरडलो की मागे केबिन क्रूने ऐकलं.

“ओरडू नका सर, रेडिओ चालू असेल,” तेजल म्हणाली. सुदैवाने नव्हता.

१७०९ ला उतरण्यासाठी दुसरा अप्रोच. शेवटच्या पाचशे फुटांत माझे दोन्ही हात मांडीखाली. मागची चाकं टेकली. तिने नाक अलगद धरून ठेवलं, मग खाली सोडलं. चाक टिकलं. हाताने सोडल्यावर पुढचं चाक वळवता येत नाही, म्हणून आम्ही रनवेवरच थांबलो. ट्रॅक्टर येऊन ओढून घेऊन गेला.

दारात एका दादरच्या काकांनी मला गाठलं. “कॅप्टन, माझं नाटकाचं तिकीट फुकट गेलं.”

“काका, तुम्ही पहिल्या रांगेत होतात,” मी म्हटलं.

रिपोर्ट लिहून झाल्यावर मी तेजलला गाडीत घालून गिरगावला नेलं. आमच्या जुन्या स्क्वाड्रनमधल्या आम्हा मुंबईकरांची एक पद्धत आहे. कोणी आजारी विमान सुखरूप उतरवलं, की त्याच संध्याकाळी सरांच्या पत्नीकडे, मोहिते वहिनींकडे, जाऊन उभ्याने रिपोर्ट द्यायचा आणि सर ज्या सॉर्टीवरून परतले नाहीत तिच्यावरची पाच नावं म्हणायची. ते पाचही जण डोंगरातल्या एका लष्करी पोस्टला रेशन टाकायला गेले होते. ०९२० ला रेडिओवर शेवटचा कॉल आला. नंतर ढग उतरले.

वहिनींनी दार उघडलं. “उतरवलं कोणी?”

“हिने.”

“मग भावजी, तुम्ही का उभे? बसा. पोरी, तू उभी राहा. नावं येतात?”

परळपासून गाडीत मी तिच्याकडून ती पाठ करून घेतली होती. तेजल म्हणाली, “अविनाश मोहिते...”

“रँकसकट.”

तेजल ताठ झाली. “स्क्वाड्रन लीडर अविनाश मोहिते. फ्लाइट लेफ्टनंट सुनील रॉय. वॉरंट ऑफिसर गुरमीत सिंग.”

ती अडखळली. पुढचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी हात मांडीखाली घातले.

“सार्जंट बाळू नाईक,” ती म्हणाली. “कॉर्पोरल जॉन्सन मॅथ्यू.”