मिकुरा कंपनीचा आवाज

इत्सुको हिगाकीला मिकुरा कंपनीत नोकरी लागली ती निव्वळ आवाजावर. १९६७ साल होतं. आमागासाकीच्या शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली अठरा वर्षांची मुलगी. ओसाकातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मिकुराचा पसारा होता, नाणं टाकलं की डुलणारे लाकडी घोडे, छोटी आगगाडी, फिरते चहाचे पेले. तिथे भोंग्यावरून बोलायला कुणीतरी हवं होतं. "घोड्यावरच्या मुलांनी दोन्ही हातांनी लगाम धरावा," एवढं एकच वाक्य तिच्याकडून म्हणवून घेतलं आणि कंपनीचे थोरले साहेब म्हणाले, "झालं! हिचं ऐकून घोडासुद्धा शहाण्यासारखा वागेल."

थोरल्या साहेबांनी युद्धानंतर भंगारातल्या मोटारींवर घोडे बसवून कंपनी उभी केली होती. कामगारांच्या घरचं बरंवाईट त्यांना ठाऊक असायचं. इत्सुकोचे वडील वारले तेव्हा त्यांनीच मायलेकींना कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या दिल्या. "नोकरी आहे तोवर घर आहे, काळजी करू नको," म्हणाले. इत्सुको कमरेत वाकून वाकून रडली. त्या वाक्याला दुसरीही बाजू आहे, हे तेव्हा कुणाच्या मनात येणार?

पुढे गच्च्यांवरची गर्दी ओसरली. मिकुराने पाणबुडीच्या दुर्बिणीतून जहाजं बुडवायचे खेळ काढले, मग कॉफीच्या दुकानांतून टेबलाच्या काचेखाली चमकणारे पडद्यावरचे खेळ आले. इत्सुको गच्चीवरून कचेरीत आली, फोनवर. "बाई, नाणं अडकलंय, गिऱ्हाईक टेबलाला लाथा घालतंय!" असं ओरडणाऱ्या दुकानदारांना शांत करायचं, हे तिचं काम. सव्विसाव्या वर्षी एक स्थळ आलं होतं, पण मुलगा नागोयाचा, आणि आई वसाहत सोडायला तयार नव्हती. ते तसंच राहिलं. १९८४मध्ये आईला अर्धांगाचा झटका आला, आणि मग तो विषय कुणी काढलाच नाही.

मिकुरा घरच्या टीव्हीला जोडायच्या खेळांत उतरली तेव्हा इत्सुको अडतिशीला टेकली होती. खेळात अडकलेल्या लोकांना वाट दाखवायला कंपनीने फोनची एक खोली केली. तीन बाया, तीन फोन, जाडजूड वह्या, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना खिळे ठोकून लावलेले बुचाचे तक्ते. पूर्वी तिथे एक खिडकी होती. तिच्यावरही तक्ता बसला. नियम एकच, पूर्ण उत्तर द्यायचं नाही, नुसती दिशा दाखवायची. "विहिरीपाशी थोडं थांबून बघा," इत्सुको म्हणायची, आणि पलीकडून "सापडलं!" अशी आरोळी आली की तिला दिवसभर बरं वाटायचं. आवाजाला असं चांगलं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

१९८८च्या वसंतात 'घंटांचं बेट' हा खेळ बाजारात आला. चार लाख घरांत गेला. उन्हाळ्यात फोन सुरू झाले. सगळे एकाच जागी अडकलेले, मिठाच्या गुहेत. आत शिरलं की दार मागून बंद होतं, आणि ते काशाच्या घंटेनेच उघडतं. पण तिसऱ्या गावात एक मासळीवाला ती घंटा विकत मागतो. ज्याने विकली तो गुहेत गेला की संपला. तिथून पुढेही जाता येत नाही, मागेही येता येत नाही. खेळ पुढे चालू ठेवायला जो सांकेतिक शब्द लिहून ठेवायचा, तोही माणसाला पुन्हा त्या गुहेतच आणून सोडायचा.

इत्सुकोने फोन विभागाचे प्रमुख मोरोकुमा यांना जाऊन विचारलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"चूक आहे. खेळाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून राहून गेली. आता खेळाच्या चार लाख डब्यांत ती कोरली गेली आहे, खरवडून काढता येणार नाही."

"मग लोकांना सांगू या ना, पहिल्यापासून खेळा म्हणून."

"म्हणजे चूक कबूल करू या? उद्या वर्तमानपत्रात येईल, परवा दुकानदार माल परत पाठवतील, तेरवा तुम्ही आणि मी रस्त्यावर." मोरोकुमांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. "हे वाक्य बोलायचं. याच्याबाहेर एक शब्द नाही."

कागदावर लिहिलं होतं, 'आपण अजून नीट शोधलेलं नाही. कृपया गुहेत पुन्हा एकदा बघावे.'

"साहेब, नसलेली वाट शोधा म्हणून कसं सांगू?"

"हिगाकीबाई, आईंची तब्येत कशी आहे?" मोरोकुमांनी विचारलं. आवाजात धमकी नव्हती, खरी चौकशीच होती. म्हणूनच इत्सुकोने तो कागद उचलला.

ती ते वाक्य बोलू लागली. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा, गोड, स्वच्छ, गच्चीवरच्या त्याच आवाजात. मुलं कंटाळून फोन ठेवायची. काही जण शिव्या घालायचे, ते तर तिला परवडायचं. परवडला नाही तो कुरायोशीचा न्हावी.

कामेजी मोरितानी त्याचं नाव. वय अठ्ठावन्न. न्हाव्यांची सुट्टी सोमवारी, म्हणून त्याचा फोन सोमवारी सकाळी दहाला.

"बाई, मी कुरायोशीचा मोरितानी. गुहेतला न्हावी म्हणा हवं तर."

"नमस्कार. अजून आतच का?"

"आतच. या आठवड्यात उत्तरेची भिंत संपवली, वीतवीत दाबून पाहिली. बायको म्हणते, माझ्या डोक्यावर दोनदाच हात फिरवलात जन्मात, त्या भिंतीवर मात्र रोज."

इत्सुकोला हसू यायचं, आणि मग कागदावरचं वाक्य बोलावं लागायचं. "आपण अजून नीट शोधलेलं नाही…"

"खरं आहे तुमचं," तो लगेच म्हणायचा. "माझंच कुठेतरी चुकतंय. वय झालं ना. लहान पोरांना जमतं ते मला जमत नाही."

त्याने एकदा जरी आवाज चढवला असता तरी तिला सोपं गेलं असतं. आठव्या सोमवारनंतर टपालाने एक गुंडाळी आली. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला गुहेचा नकाशा, एकेक कोपरा, एकेक खडक. तपासलेल्या प्रत्येक चौकटीत बारीक टिंब. रिकामी चौकट एकही नव्हती. खाली लिहिलं होतं, 'बाई, यात माझी नजरचूक कुठे झाली तेवढी खूण करून परत पाठवाल का?'

तो नकाशा तिने घरी नेला. आईला भरवताना तो तिच्या मांडीशेजारी पसरलेला होता. आईला एका हाताने तो कागद ओढायचा होता, आणि इत्सुको तिच्यावर खेकसली. त्याआधी ती आईवर कधी खेकसली नव्हती.

अकराव्या सोमवारी मोरितानी म्हणाला, "बाई, मी आता थांबावं म्हणतो. दुकानात गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असतो आणि माझं लक्ष त्या भिंतीवर. परवा एकाला कापलं थोडं. तुम्हाला उगाच इतका त्रास दिला, माफ करा."

शेजारच्या दोघी आपापल्या फोनवर बोलत होत्या. मोरोकुमा खोलीत नव्हते. इत्सुकोने फोन तोंडाशी घट्ट धरला.

"मोरितानीसाहेब, दार नाहीये."

"काय म्हणालात?"

"तुम्ही घंटा विकली होती ना? मग दार उघडतच नाही. कुणाचंच नाही. चूक आमची आहे, तुमची नजर चांगली आहे. तुमच्या नकाशात एकही चूक नाही."

 मग तो म्हणाला, "हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि सांगायची मनाई होती."

"हो."

"मग आज सांगितलंत ते फार मोठं काम केलंत, बाई," मोरितानी म्हणाला आणि त्याने हळूच फोन ठेवला.

त्या दिवशी इत्सुकोने वसाहतीजवळच्या दुकानातून गरम ओडेन, मुळा नि मासळीच्या वड्या उकळलेला रस्सा, नेलं. आईचा आवडता मुळ्याचा तुकडा चमच्याने मऊ करून तिला भरवला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

ती झोप तीन आठवडेच टिकली. नव्या वर्षात कंपनीच्या नावाने एक पत्र आलं. ब्रशने लिहिलेलं, सुंदर अक्षर. कुरायोशीच्या मोरितानी न्हाव्याने थेट कंपनीच्या अध्यक्षांना आभाराचं पत्र धाडलं होतं. 'आपल्या कचेरीतील हिगाकीबाईंनी मला खरी गोष्ट सांगून माझा स्वतःवरचा विश्वास परत दिला. अशी प्रामाणिक माणसं बाळगणाऱ्या कंपनीची भरभराट होवो.' भल्या माणसाला वाटलं, बाईंना बक्षीस मिळेल.

थोरले साहेब तेव्हा हयात नव्हते. मोरोकुमांनी तिला बोलावलं तेव्हा तेच जास्त दमलेले दिसत होते. "मी तुम्हाला काढलं तर तुम्ही वर्तमानपत्राकडे जाल असं वरच्यांना वाटतं," ते म्हणाले. "म्हणून काढत नाही. नदीपलीकडच्या गोदामात जा. घर तेच राहील."

गोदामात फोन नव्हता. परत आलेल्या, न खपलेल्या खेळांच्या डब्यांवरची जुनी लेबलं खरवडायची आणि नवी चिकटवायची. आठ तास बोलायला कुणी नाही. कधीकधी दुपारी इत्सुको नुसताच घसा खाकरून बघायची. सोडून जावं तर अर्धांगवायू झालेल्या आईला घेऊन कुठे जाणार? आणि चाळिशीच्या बाईला घेणार कोण? इकडे आड, तिकडे विहीर. ती लेबलं चिकटवत राहिली.

मोरितानीचं नववर्षाचं कार्ड दर वर्षी यायचं. 'अजून लोकांना वाट दाखवता ना?' असं तो विचारायचा. खरं लिहिलं तर आपल्याच पत्राने हे झालं हे त्याला कळणार. म्हणून ती उलट टपाली लिहायची, 'हो, फोनवरच असते. आईही बरी आहे. सगळं ठीक.'

१९९२च्या सप्टेंबरात तो न सांगता आला. ओसाकाला न्हाव्यांच्या संघटनेचं संमेलन होतं. कचेरीत त्याने नाव विचारलं, तिथल्या कुणीतरी गोदामाचा पत्ता दिला. इत्सुको फाटकाशी आली ती राखाडी झगा घालून, बोटांना वाळलेला गोंद. समोर एक बुटका, टापटीप माणूस हातात नासपतींची पेटी घेऊन उभा होता.

"मला हिगाकीबाईंना भेटायचंय. फोनवर असतात त्या. जरा बोलावता का?"

ती गप्प राहिली असती तर तो ओळखू शकला नसता. पण तो इतक्या लांबून आला होता.

"मीच," ती म्हणाली.

त्या एका शब्दाने त्याचा चेहरा उजळला. मग त्याने तिचा झगा पाहिला, बोटं पाहिली, मागच्या ढिगाऱ्यांकडे पाहिलं.

"माझ्या पत्रामुळे का?"

"छे हो! फोनची खोली बंद झाली. आता कोण फोन करतंय? मीच म्हटलं, मला इथे द्या, निवांत असतं."

"असं." त्याने पेटी तिच्या हातात दिली. "आमच्याकडच्या आहेत. आईंना द्या."

"खेळ पहिल्यापासून सुरू केलात की नाही पुन्हा?"

"नाही. ते राहूनच गेलं."

तो वाकला, आणि इतका वेळ वाकून राहिला की रस्त्याने जाणारे बघायला थांबले. इत्सुकोला त्याला उठवता येईना, हात पेटीत गुंतलेले. त्यानंतरच्या कार्डांवर त्याने कधी काही विचारलं नाही. फक्त 'प्रकृती जपा' एवढंच.

मिकुराने पुढे खेळ काढणं बंद केलं आणि पाचिंकोच्या, म्हणजे छऱ्यांच्या जुगाराच्या, यंत्रांचे सुटे भाग बनवू लागली. मग दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली. गोदाम तेच, लेबलं तेवढी बदलली. आई २००१मध्ये गेली. इत्सुको साठाव्या वर्षी, २००९मध्ये निवृत्त झाली आणि वसाहत सोडून आमागासाकीत पालिकेच्या इमारतीत एका खोलीत राहायला गेली. आता ती कुठेही जायला मोकळी होती. कुरायोशीच्या गाडीची वेळ तिने दोनदा विचारून घेतली, गेली मात्र एकदाही नाही.

दोन वर्षांनी मोरितानीच्या बायकोचं पत्र आलं, तो गेल्याचं. खाली फोन नंबर होता. इत्सुकोने खूप वेळ शब्द जुळवले, मग नंबर फिरवला.

"मी आमागासाकीहून हिगाकी," ती म्हणाली. आवाज आपोआप तसाच गोड, स्वच्छ निघाला.

"अगंबाई, फोनवाल्या हिगाकीबाई!" म्हातारी म्हणाली. "हे किती सांगायचे तुमच्याबद्दल. कामाच्या गडबडीतून फोन केलात, फार बरं वाटलं. कंपनीतूनच बोलताय ना?"

"हो," इत्सुको म्हणाली. "कंपनीतूनच बोलतेय."