बकासुर झालेला भीम

रिठदच्या जत्रेत बकासुराचं नाटक होतं, तेही भर दुपारी, आणि एकोणीस वर्षं त्यातला भीम एकच: शेतकरी दौलतराव. उघड्या अंगानं, गदा खांद्यावर टाकून ते आले की मंडप गप्प. पोट सुटलं होतं, पण भीमाचं म्हणून खपत होतं. शिवाय गावाची रीतच तशी. बकासुराचं गाडीभर जेवण म्हणून घराघरांतून गोवऱ्यांवर भाजलेले जाड रोडगे यायचे आणि भीमानं ते लोकांदेखत खरोखर खायचे. दौलतराव सात खायचे, वर वांग्याची भाजी.

औंदा तालमीत नाटक बसवणारा राजपाल मास्तर घसा खाकरत म्हणाला, "दौलतभाऊ, तुमी बकासुर करा. भीम वीरेंद्र करन."

"काहून? मले काय किडे पडले?"

"तसं नाई भाऊ. लोकायले आता बॉडी पाह्यजे."

वीरेंद्र म्हणजे दोन वर्षं रिसोडच्या जिममध्ये घाम गाळणारं बाविशीतलं पोरगं. पोटावर सहा चौकोन. दौलतरावांनी ते तालमीत तीनदा मोजले, एखादा कमी भरतो का म्हणून. भरला नाही.

नाटकाच्या दिवशी बकासुर काळ्या घोंगड्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेला, पडद्याआड घामाघूम. तिकडे वीरेंद्रनं उपरणं भिरकावलं आणि शिट्ट्या सुरू. पुढच्या रांगेतली नानीबाई तर ओरडलीच, "अवं माय! पोराचं आंग पाहा, कसं कोरल्यावानी!" एकोणीस वर्षांत ह्या बाईनं दौलतरावांकडे पाहून फक्त "जेवला बाप्पा!" एवढंच म्हटलं होतं.

मग रोडगे आले. नसा फुगून दिसाव्यात म्हणून वीरेंद्र सकाळपासून पाणीही प्यायला नव्हता. त्यानं एक तुकडा मोडला, तूप झटकलं आणि नुसता चघळत बसला.

आता होणार बोंब! दौलतरावांना आतल्या आत गुदगुल्या झाल्या.

"खाऊ नको रे राजा," पुन्हा नानीबाईच, "आंग खराब होईन तुह्यं!"

मंडप हसला. वर टाळ्या! रीत मोडली, अन् कोणाला काही नाही!

दौलतराव भडकले. पाळी यायच्या आधीच मंचावर घुसले, घोंगडं फेकलं आणि उघड्या अंगानं गाडीपुढं मांडी घातली. "तुले पचत नसन, त सरक तिकडं!" एक, दोन, पाच रोडगे. लोक ओरडून मोजत होते.

आता भीमानं त्यांना उचलून आपटायचं. वीरेंद्रनं कमरेला विळखा घातला आणि कानाशी पुटपुटला, "काका, जराशी उडी मारा ना. चक्कर येऊन राह्यली."

"बॉडी हाये ना? उचल."

पोरानं जोर लावला आणि स्वतःच कलंडायला लागला. तो पडला तर भीमच मेला असता. शेवटी दौलतराव आपणहून आडवे झाले, चारदा तडफडले आणि मेले. वीरेंद्रनं त्यांच्या छातीवर पाय ठेवून दंड फुगवले. सगळे मोबाइल वर झाले.

फोटोत आपणही येणार, हे मेलेल्या बकासुराच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यानं हळूच पोट आत ओढलं, श्वास धरला आणि ओठ न हलवता म्हटलं, "मास्तर, पडदा पाड ना बे लवकर!"